मागितलेली शेवंती लागत नाही

अप्पा,

आरंभीच क्षमा मागतो. तुमच्याविषयी चार शब्द लिहावेत असा अधिकार माझ्याकडे कुठून आला, हे मला नीटसे सांगता येणार नाही. मी तुमचा नातलग नव्हे. मोंढ्यातल्या अडत दुकानात तुमच्यासोबत उभी हयात काढलेल्या माणसांपैकीही नव्हे. सेलूत तुमच्याच गल्लीत, तुमच्या घरापासून थोडे पुढे राहणारा, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर, एवढीच माझी ओळख. लिहिण्याचे म्हणाल, तर प्रश्नपत्रिका, प्रयोगांच्या कृती आणि रजेचे अर्ज यांपलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. या वयात नव्याने काही लिहायला बसावे आणि आरंभ तुमच्यापासून करावा, यात थोडे धारिष्ट्य आहे, हे मी जाणतो.

परंतु मोंढ्यात तुमची शोकसभा झाली, तेव्हा माझे नाव अचानक पुकारले गेले. मी उठलो. समोर पुष्कळ माणसे होती, आणि टेबलावर फेटा बांधलेला तुमचा तो फोटो होता, ज्यात तुम्ही मुळीच तुमच्यासारखे दिसत नाही. "अप्पा फार चांगले होते," एवढे म्हणून मी खाली बसलो. घरी परतताना सौभाग्यवती म्हणाली, "एवढं तर कुणीही म्हणतं हो." तिचे खरे आहे. म्हणून हा खटाटोप.

तुम्ही माझ्या आयुष्यात आलात ते एका आकडीच्या रूपाने. निवृत्तीनंतर हाताला काही उद्योग असावा म्हणून मी अंगणात फुलझाडे लावली होती. भिंतीलगत जास्वंद, फाटकाशी प्राजक्त, न्हाणीच्या पाण्यावर मोगऱ्याचा वाफा. जास्वंद पहिल्यांदा भरात आली आणि रस्त्याच्या बाजूची फुले सकाळी नाहीशी होऊ लागली. एके दिवशी मी लवकर उठून दाराच्या फटीतून पाहिले. भिंतीवरून बांबूची एक काठी आत आली. तिच्या टोकाला तार वाकवून बसवलेली होती. त्या आकडीने एक फांदी हलकेच खाली ओढली, मागून एक हात आला, त्याने फूल खुडले आणि फांदी पुन्हा सावकाश, तिला हिसका बसू न देता, वर सोडून दिली. चोरीत इतकी अदब मी पाहिली नव्हती. मी दाराआडच उभा राहिलो. चोर पकडला तर त्याच्याशी काय बोलावे, हा प्रश्न मला सुटला नव्हता.

"अहो, बाहेर तरी जा. तुमचीच फुलं नेतायत ते," सौभाग्यवती मागून म्हणाली.

"त्यांना अवघडल्यासारखं होईल."

"त्यांना?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला निघून गेली.

मग तो माझा नेमच झाला. काठी परत जाईपर्यंत दार उघडायचे नाही. असे कित्येक दिवस गेल्यावर एका सकाळी आकडी आली, दोन फुले गेली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "सर, दाराआड उभं ऱ्हाऊन पाय दुखायले असतील. या की बाहेर. माझं झालंय."

मी बाहेर आलो. भिंतीवर पांढऱ्या मिशा आणि ओले गंध लावलेले कपाळ दिसत होते. चोरी उघडकीला आल्यासारखा घाम मात्र मलाच फुटला होता.

"हवी असतील तर मागून घेत चला," मी म्हणालो. माझ्या स्वभावाच्या मानाने हे फार कठोर बोलणे होते.

"मागून?" तुम्हाला खरोखर वाईट वाटले होते. "सर, मागून आणलेलं फूल देणाऱ्याचं असतं. पुण्य जाणार तुमाला, अन् थंडीत कुडकुडत उठायचं मी. हा कुठला इन्साफ?"

"आणि चोरलेल्याचं?"

"चोरीचं पाप माझं, फुलाचं पुण्य माझं. जागच्या जागी फिटंफाट. तुमाला कशाची तकलीफ न्हाई."

नाक्यावरच्या कुणालाही पटेल अशा बिनतोड स्वरात तुम्ही हे सांगितले आणि पिशवी सावरत निघून गेलात. त्या दिवशी चहा पिताना मी त्या युक्तिवादातली चूक शोधत होतो. अप्पा, ती मला आजही सापडलेली नाही.

नंतर तुम्ही भिंतीच्या अलीकडेही येऊ लागलात. सकाळी फुले चोरून नेणारा माणूस संध्याकाळी राजरोस फाटकातून येई आणि मोगऱ्याच्या वाफ्याजवळच्या खुर्चीवर बसे. तुमच्या मते आपल्या भागात ऋतू एकच, आणि तो उन्हाळा. "पावसाळा मंजी उन्हाळ्याची मधली सुट्टी, सर. घंटा झाली की ऊन परत वर्गात." त्यामुळे आपण दोघे ज्याची वाट पाहत असू, तो क्षण पाऊस संपण्याचा नसे, उन्हाळा संपण्याचा असे. खरा उन्हाळा उतरतो तो भाद्रपद सरता सरता. त्या दिवसांत अंगण किती हळू बदलत असे. पावसात रुसून बसलेला मोगरा उघडीप मिळताच परत चार फुले देई, पण आता त्यांची पाकळी पातळ असे. गुलबक्षीच्या काळ्या बिया मिऱ्यांसारख्या जमिनीवर सांडत. दुर्वांमध्ये कोळ्यांची जाळी पसरत आणि सकाळच्या दवाने ती उघडी पडत. रेल्वेच्या पलीकडून सोयाबीनच्या मळणीचा कोरडा, तुसाचा वास येई. आणि एके दिवशी ऊन पायरीवर सरळ न पडता तिरके पडलेले दिसे. ते आधी कोण पाहतो, यावर आपली पैज असे, आणि तुम्ही नेहमी म्हणत असा, "मी कालच पाह्यलं होतं. तुमाला वाईट वाटंल मनून बोललो न्हाई."

तेरड्याची पिकलेली बोंडे मात्र तुम्ही मला कधी फोडू दिली नाहीत. बोट लागताच बोंड तडकून आतल्या बिया उडाव्यात आणि साल अळीसारखी गुंडाळली जावी, याचे तुम्हाला लहान मुलासारखे वेड होते. ज्याच्या शब्दाने मोंढ्यात कापसाच्या गाड्या थांबत, तो माणूस माझ्या अंगणात धोतर सावरून उकिडवा बसे आणि बोंडामागून बोंड चिमटीत धरी. "तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणतात," मी एकदा म्हणालो. "ज्यानं मनलं त्यानं तिसऱ्या दिवशी पाणी घातलं नसंल," तुम्ही मान वर न करता उत्तर दिले.

फुलाची पाकळीही तुम्ही कापसासारखीच तपासत होतात. दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून हलकेच ताणायची, डोळे बारीक करायचे आणि मग निकाल द्यायचा. "हा मोगरा लांब धाग्याचा हाय." मोगऱ्याला धागा नसतो, हे मी शास्त्रशुद्ध रीतीने समजावून सांगितले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच निकाल दिला.

आणि मग ती आपली अदलाबदल. कोणी सुरू केली ते आठवत नाही. माझ्या वाफ्यातला त्या वर्षीचा शेवटचा मोगरा मी तुमच्यासाठी वाटीत ठेवायचा, आणि तुमच्या अंगणातली पहिली शेवंती तुम्ही रुमालात गुंडाळून आणायची. दोन्ही एकाच दिवशी क्वचितच येत. कधी मोगरा वाटीतच पिवळा पडे, कधी शेवंती आधी येऊन माझ्या मोगऱ्याची वाट पाही. पण ज्या संध्याकाळी दोन्ही फुले एकदमच हातांत पडत, त्या संध्याकाळी तुम्ही खुर्चीत मागे रेलून जाहीर करत असा, "गेला बरं सर, उन्हाळा." आमच्या घरी कॅलेंडर होते, परंतु ऋतू तुम्ही जाहीर केल्याशिवाय बदलत नसे. "ही चोरी म्हणायची की मागणी?" असे मी एकदा विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हा व्यवहार. व्यवहारात पाप-पुण्य काढायचं न्हाई. नसता धंदा बसतो."

तुमची ती शेवंती. बारीक, गर्द पिवळी, दाट पाकळ्यांची, आणि वास असा की रुमाल धुतला तरी जात नसे. अशी शेवंती आता नर्सरीत मिळत नाही. तिथे मोठाली, देखणी, बिनवासाची फुले असतात. वहिनी वालूरहून लग्न होऊन तुमच्या घरी आल्या, तेव्हा पाठवणीच्या गडबडीत त्यांनी आईच्या परसातला एक फुटवा उपटून ओटीच्या तांदळात खुपसला होता, ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. "आईला मागितला असता तर तिनं दिला असता की," मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशा नजरेने मी हुशार विद्यार्थ्याकडून चुकीचे उत्तर आल्यावर पाहत असे. "मागितलेली शेवंती लागत न्हाई, सर," त्या म्हणाल्या. "तांदळात माती झाली मनून सासू बोलली मला. पण झाड लागलं."

म्हणजे तुमच्या घरी हा सिद्धांत दोघांनाही मान्य होता; तुम्ही तो फुलांना लावला, वहिनींनी झाडांना. मला तो मान्य नव्हता. आणि तरीही, अप्पा, दर वर्षी ज्येष्ठात मी तुमच्याकडे फुटवा मागायचा, तुम्ही तो ओल्या गोणपाटात गुंडाळून द्यायचा, मी शेणखत घालून लावायचा, आणि श्रावण संपायच्या आत तो काळा पडायचा, हे आपले ठरूनच गेले होते. माझ्या मते दोष मातीचा होता. माझ्या अंगणात काळी चिकट माती आहे, पाणी साचते, मुळे कुजतात. तुमच्या मते दोष माझ्या सभ्यपणाचा होता.

"मी आत जाऊन पाणी पितो," एकदा तुमच्या अंगणात तुम्ही डोळा बारीक करून म्हणालात. "मला लय तहान लागलीय. तांब्याभर पिणार. तुमी काय करायचं ते करा." आणि खरोखर आत गेलात. मी शेवंतीच्या वाफ्यासमोर उभा होतो. खुरपे तुम्ही मुद्दाम तिथेच टाकले होते. कोणी पाहत नव्हते. ज्याने चोरी व्हावी म्हणून खुरपेही ठेवले आहे, त्याच्याकडची चोरी ही चोरी नव्हेच, असा विचारही मी करून पाहिला. पण हात पुढे जाईना. तुम्ही बाहेर आलात, झाडांकडे पाहिलेत, माझ्याकडे पाहिलेत आणि ओल्या मिशा पुसल्यात.

"पोट फुटायची पाळी आली माझी पाणी पिऊन. सर, तुमच्यानं एक झाड चोरवंना. एवढी वर्सं पोरांला शिकवलं तरी काय?"

हसता हसता तुम्ही स्वतःच फुटवा काढून दिलात. तोही काळा पडला.

आपला वाद इथेच अर्धा राहिला. मी म्हणत असे की कार्यकारणभाव असा नसतो. झाडाला काय कळते, कोणी मागून आणले आणि कोणी चोरून? तुम्ही म्हणत असा, झाडाला कळेना का, आणणाऱ्याला तर कळते. मागून आणलेल्या झाडाला माणूस पाहुण्यासारखे वागवतो, नको तेवढे पाणी पाजतो. चोरून आणलेल्याला कोपऱ्यात लावतो आणि चूपचाप रोज पाहून येतो. "लागलं का, लागलं का, असा जीव खालवर होतो. तो जीव लागतो, सर. झाडाचं काय." यावर द्यायचे उत्तर मी मनात तयार करून ठेवले होते. जमिनीची ओल, मुळांचे श्वसन, सगळे त्यात होते. ते सांगायचे राहिले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती जरा नाजूक आहे. जास्वंदीची छाटणी मी दर वर्षी आतल्या बाजूने करत होतो. बाहेरच्या, रस्त्याकडच्या फांद्यांना मी कात्री लावत नसे. झाडाने भिंतीवरून बाहेर झुकावे, आकडीला फार ताण पडू नये, तुमचा खांदा दुखू लागला होता तेव्हा तर हाताला सहज यावे, असा तो बेत होता. हे तुम्हाला कळले असते तर ती फुले चोरीची राहिली नसती आणि सगळे पुण्य माझ्या माथी येऊन पडले असते. म्हणून मी बोललो नाही. दाराआड उभा राहून मी तारेचा तो बारीक आवाज ऐकत होतो, आणि तो आला की मला दिवस सुरू झाल्यासारखे वाटत होते, हे तर बोलण्यासारखे नव्हतेच.

महालक्ष्म्यांच्या नंतर तुम्ही शेवटचे आलात. चालताना दम लागत होता. खुर्चीत बसून बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिलात. तेरड्याला बोंडे धरली होती, पण तुम्ही उठला नाहीत. मी एक पिकलेले बोंड देठासकट तोडून आणून तुमच्या तळहातावर ठेवले. तुम्ही ते फोडले, बिया माझ्या चष्म्यावर उडाल्या, आणि आपण हसलो.

"यंदा शेवंतीला कळ्या लय हायत," तुम्ही म्हणालात. "न्या बरं यंदा. किती वर्सं मागता अन् वाळवता."

"बघू."

"बघू नका. न्या." मग जाताना, फाटकाचा आधार घेऊन, जास्वंदीकडे न पाहता तुम्ही म्हणालात, "सर, आतल्या अंगानं लय छाटता बरं तुमी. एकदा बाहेरून बी छाटत जा. नसता लोकांला संशय येतो."

 उत्तरासाठी तुम्ही थांबला नाहीत.

तुम्ही गेलात हे मला फोनवरून कळले, पण खरे पटले ते जास्वंदीमुळे. रस्त्याकडची फुले दिवसभर झाडावर राहू लागली. फुले झाडावरच शोभतात, ती तोडू नयेत, असे मी तुमच्याशी किती वेळा बोललो होतो. आता माझ्या मनासारखे झाले होते. भिंत लालभडक दिसे, येणारे-जाणारे थांबून पाहत, आणि मला तिकडे बघवत नसे. संध्याकाळी ती फुले मिटून, गुंडाळून रस्त्यावर पडत. काही दिवसांनी मी सकाळी उठून स्वतः ती खुडू लागलो, आणि पिशवीत घालून तुमच्या देवघरासाठी वहिनींकडे नेऊन देऊ लागलो.

पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले. "चोरून आणली का सर?"

"नाही वहिनी. माझीच आहेत."

"मग देवाला कितपत चालतील, कोण जाणे," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून फुले परडीत ओतली.

तेरावे झाल्यावर राजेंद्रने मला बसवून सगळे सांगितले. तुमचा मुलगा सरळ मनाचा आहे, अप्पा. त्याला बोल लावण्यासारखे काही नाही. आईला एकटे ठेवणे शक्य नाही, दिवाळीनंतर तो तिला पुण्याला नेणार. घर भाड्याने द्यायचे आहे, भाडेकरूला गाडी लावायला जागा हवी, म्हणून अंगणात फरशी बसवायची आहे. "सर, अप्पांची शेवंती तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "फरशीवाले आले की मी सगळे वाफे काढून तुमच्याकडं पाठवून देतो. तुमच्याकडं राहील."

याहून चांगले काय हवे होते? इतकी वर्षे ज्या झाडासाठी मी हात पसरले, ते कोणीतरी आपण होऊन घरपोच देत होता. आणि मी म्हणालो, "नको, नको." त्याला वाईट वाटले असावे. मला मात्र गोणपाटात आलेले, काळे पडत जाणारे फुटवे दिसत होते, ओळीने. भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर तुमच्या ओट्यावर बसून मनाशी म्हणत होता: दिलेली लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पिशवीत फुलांखाली खुरपे होते. वहिनी ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. शेजारी कापसाचा पेळू होता. मी फुले परडीत ओतली; खुरप्याची मूठ पिशवीतून बाहेर डोकावू लागली.

"आज पिशवी जड दिसायलीय, सर."

मी मूठ आत दाबली. त्यांनी शेवंतीच्या वाफ्याकडे पाहिले. कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या, एक-दोन कळ्यांच्या टोकाला पिवळे दिसू लागले होते. मग त्या उठल्या, पाट उचलला, आणि माझ्याकडे पाठ करून तुळशीकडे तोंड करून बसल्या.

"मला वाती वळायच्या हायत," त्या तुळशीला म्हणाल्या. "लय वेळ लागंल. अन् आजकाल मला मागचं काय बी दिसत न्हाई बाई."

मी वाफ्याशी बसलो.  खुरपे दगडावर खणकन वाजले. त्याच क्षणी वहिनी मोठ्याने खोकल्या. पुन्हा वाजले, त्या पुन्हा खोकल्या. मातीचा गड्डा न फुटू देता मी कडेचा एक फुटवा मुळांसकट उचलला, खड्डा हाताने बुजवला, आणि फाटकाबाहेर पडलो. मागे वळून पाहिले नाही. चोराने पाहू नये, एवढे तुमच्याकडून शिकलो होतो.

पण चोर म्हणून मी कच्चाच. पिशवी खालून फाटली होती. तुमच्या फाटकापासून माझ्या फाटकापर्यंत रस्त्यावर मातीची एक सरळ रेघ पडली होती. सौभाग्यवती दारात उभी होती. "काय आणलंत?" तिने विचारले. "काही नाही," मी म्हणालो. तिने पिशवीकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, केरसुणी घेतली आणि तुमच्या फाटकापर्यंत सगळी रेघ झाडत गेली. परत आल्यावर एवढेच म्हणाली, "कोपऱ्यात लावा. पाणी बेतानं घाला."

कळ्या आलेले झाड हलवू नये, हे कुठलेही पुस्तक सांगेल. हलवलेच, तर कळ्या खुडून टाकाव्यात, म्हणजे झाडाचे बळ मुळांकडे जाते. मी कळ्या खुडल्या. फुले तोडू नयेत म्हणून तुमच्याशी वर्षानुवर्षे भांडलेल्या माणसाच्या तळहातावर यंदाची सगळी शेवंती, उमलायच्या आधीच, हिरवी पडली होती. झाडाने मान टाकली. खालची पाने करपली. मी रोज सकाळी जास्वंदीच्या आधी कोपऱ्यात जाऊन पाहत होतो. दुपारी पाहत होतो. पाहुणे बसलेले असताना काहीतरी निमित्त काढून पाहून येत होतो. तुम्ही म्हणाला होतात तसाच जीव खालवर होत होता.

झाड लागले, अप्पा. शेंड्याला दोन नवी पाने आली आहेत, कडेला दाते असलेली, फिकट हिरवी. मी या वेळी मातीत वाळू मिसळली होती, गड्डा फुटू दिला नव्हता, उतरत्या उन्हात सावली धरली होती. ही कारणे तुम्ही नोंदवून घ्यावीत असा माझा आग्रह राहील. तुमचा सिद्धांत मी मान्य केला असे कृपया समजू नये. पण तुम्ही खुर्चीत असता, मागे रेलून मिशीतल्या मिशीत हसला असता, तर मी वाद पुढे रेटला नसता.

आज सकाळी पाहिले तर पानाआड एक कळी माझ्या नजरेतून सुटलेली होती. ती उमलली आहे. लहान, जेमतेम, एका बाजूने अपुरी. पण वास तोच. पहिली शेवंती या वर्षी माझ्याच अंगणात आली. ऊन पायरीवर तिरके पडले आहे, आणि मी ते कालच पाहिले होते. शेवटचा मोगरा तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यात फुलला. मी तो वाटीत ठेवला, मग भिंतीवर, जिथे आकडी टेकत असे तिथे ठेवला, आणि तो तिथेच तांबूस पडून गेला. त्यामुळे तुम्हाला बदल्यात द्यायला माझ्या हाती काही उरलेले नाही. व्यवहारात एक बाजू रिकामी राहू नये, नसता धंदा बसतो. म्हणून हे लिहिले. गोड मानून घ्या.

गेला बरं अप्पा, उन्हाळा. हे या वर्षी मलाच म्हणावे लागले, आणि माझा आवाज बारीक असल्यामुळे तो नक्की गेला की नाही, याची अजून खात्री वाटत नाही.

आता हे कुणाच्या वाचनात आले असेल, तर त्यांच्याशी एक बोलायचे आहे. शेवंती एकदा लागली की तिला फुटवे पुष्कळ येतात; ज्येष्ठापर्यंत माझा कोपरा भरून जाईल. सेलूत आमच्या गल्लीत लालभडक जास्वंद भिंतीबाहेर झुकलेली दिसेल, तेच माझे घर. फाटकाला कुलूप नसते. खुरपे वाफ्याशीच ठेवलेले असेल. कृपा करून मागू नका. मी दाराआड उभा असेन, आणि तुमचे होईपर्यंत बाहेर येणार नाही. तुम्ही कधी येता?